पिंजर आणि डोंगरचराईवरच्या गाईंना पेंड कधीपासून सुरू करायची?

जांबोटी_पट्टा

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. गोव्यातली नोकरी सोडून घरी आलोय आणि आता गोठा माझ्याच अंगावर आहे. तीन जनावरं आहेत. एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गाय, दुसऱ्या वेताची, व्याल्याला चार महिने झाले. पावसाळ्यात दोन्ही वेळचं मिळून 11 लिटर द्यायची, आता डिसेंबर अर्धा झाला तर 8 वर आलीय. दुसरी जर्सी क्रॉस, सात महिन्यांची गाभण, नुकतीच आटवलीय. तिसरी म्हशीची रेडी, दोन वर्षांची.

वैरण म्हणाल तर इंद्रायणी भाताचं पिंजर (पेंढा) सुगीत रचून ठेवलंय, बांधावरचं कापलेलं वाळकं गवत आहे. सकाळी 10 ला डोंगराला सोडतो, 4 ला परत येतात. पाणी ओढ्याला अजून आहे.

आप्पांचं म्हणणं असं की जनावरं पोट भरून येतात, गव्हाणीत पिंजर उरतंय, मग पेंड कशाला? शिमगा झाल्यावर बघू. डेअरीत दूध घालायला गेलं की तिथले लोक म्हणतात, आजच पोतं घेऊन जा. दोघांचंही मला पूर्ण पटत नाही. पेंड फुकट येत नाही आणि उगाच घालायची नाही. पण वेळ गेल्यावर घालून उपयोग नाही हेही ऐकलंय. कशावरून ठरवायचं? महिना बघून, दूध बघून की जनावर बघून? आणि तिघींना सारखीच द्यायची का?

निपाणी_ऊसवाला

आमच्याकडं कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळतं. नोव्हेंबर ते मार्च म्हशी त्यावरच असतात. पेंड फक्त दुधाच्या वेळी, धार काढताना मूठभर पुढ्यात. खानापूरकडंही ऊस आहेच, तोडीवाल्यांशी बोलून वाडं आणा. हिरवं पोटात गेलं की दूध आपोआप वाढतंय.

बेळगुंदी_दूधवाली

भाऊ, आप्पांचं पहिलं वाक्य खरं आहे. जनावरं पोट भरूनच येतात. पण पोट कशानं भरलंय ते बघायला पाहिजे. गाय गवत स्वतः पचवत नाही. तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू ते कुजवतात, आणि त्या जिवाणूंना नत्र लागतं. वैरणीतली प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंची उपासमार होते. मग गवत लवकर फुटत नाही, कोठीपोट लवकर रिकामं होत नाही, आणि आतच जागा नसल्यावर गाय जास्त खाणार तरी कशी? गव्हाणीत पिंजर उरतंय म्हणून आप्पा निश्चिंत आहेत. मला तीच काळजीची खूण वाटते.

भाताच्या पिंजरात प्रथिनं 3 ते 4 टक्के. डोंगरातलं गवत श्रावणात, फुलोरा यायच्या आधी, 8 ते 10 टक्क्यांपर्यंत असतं. दिवाळीला त्यानं बी धरलं की घसरण सुरू होते आणि पिवळं पडलं की तेही पिंजराच्याच रांगेत येऊन बसतं. म्हणजे आत्ता तुमच्या गाई गोठ्यात जे खातात तेच चालत जाऊन डोंगरातही खातात. वर कुसळी गवत असेल तर ती कुसळं जिभेखाली आणि गालात रुततात. एकदा तोंड उघडून बोट फिरवून बघा. तोंड दुखणारी गाय चरायला जाऊनही नुसती हिंडून येते.

आता कशावरून ठरवायचं ते. मी रोज पहाटे शेण काढताना बघते. हिरव्यावरच्या गाईचं शेण पडलं की पसरतं, मधे थोडा खळगा पडतो आणि वरून चकाकतं. वैरण कोरडी पडायला लागली की तेच शेण उंच रचतं, थरावर थर दिसतात, कडा लगेच सुकतात. त्यातलं मूठभर घ्या, जुन्या चाळणीत घालून पाण्याखाली धुवा. चाळणीत काय राहतं ते बघा. बारीक चोथा राहिला तर पचन ठीक आहे. बोटाच्या पेराएवढ्या अख्ख्या काड्या राहिल्या, त्यांचा पिवळा रंगही तसाच असला, तर गवत न फुटताच बाहेर आलं. हे दूध उतरायच्या आधी कळतं, म्हणून मी दुधापेक्षा शेणावर जास्त विश्वास ठेवते. दूधवाली गाय आधी अंगावरचं वितळवून दूध देत राहते. दूध उतरलेलं दिसतं तोवर गाय आतून बरीच खाली गेलेली असते.

दुसरं म्हणजे हात लावून बघायचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं टोक यांच्यामधे कण्यापासून बाहेर आलेली आडवी हाडं असतात. तिथं तळहात सपाट ठेवून जरा दाबा. दाबल्यावर हाडांची टोकं गोल लागली तर बरं. नुसता हात ठेवताच टोचली तर गाय उतरलीय. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बघा, तिथं खोल खड्डा असेल तर अंगावर चरबी उरलेली नाही. हिवाळ्यात केस वाढतात आणि डोळ्याला गाय भरलेली दिसते, म्हणून हात लावल्याशिवाय सांगू नका.

तुमच्या एचएफचं अजून एक विचारते. व्याल्यावर चार महिने झाले म्हणता, मग माजावर आली का? भरवली का? व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत माज दिसायला पाहिजे. तो दिसत नसेल तर बऱ्याचदा कारण खाण्यातच असतं. पेंडीचे पैसे वाचवून गाय वर्षभर भाकड ठेवली तर तो हिशेब कुठल्याच बाजूनं बसत नाही.

निपाणीच्या दादांना सांगते, वाडं चांगलं आहे, मीही मिळेल तेव्हा घालते. पण त्यात गोडी आणि पाणी जास्त, प्रथिनं कमीच. पिंजराची उणीव वाड्यानं भरत नाही. शिवाय वाड्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं. नुसत्या वाड्यावर महिनोन्‌महिने जनावर ठेवलं तर हाडं कमकुवत होतात आणि व्याल्यावर गाय बसते. वाडं घालणाऱ्यांनी चुन्याची निवळी नाहीतर खनिज मिश्रण रोज द्यावंच.

भाऊ, तिघींना सारखं अजिबात द्यायचं नाही. वजन काढा, शेण बघा, हात लावून बघा आणि इथं लिहा, मग आकडे मांडू. वजनासाठी काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. येईल ते किलो.

बिडी_खिल्लार

ताईंनी शेणाचं सांगितलं ते शंभर टक्के. आमच्याकडं दुधाचा व्याप नाही, खिल्लार बैलजोडी आहे, म्हणून बैलांचं लिहितो. इकडं पूर्वेला पाऊस कमी, पिंजराऐवजी जोंधळ्याचा कडबा. कडबा पिंजरापेक्षा बरा, पण त्यातही पानं किती राहिलीत त्यावर सगळं. पानं झडलेला कडबा म्हणजे नुसती लाकडं.

रिकाम्या उभ्या बैलाला मी पेंड घालत नाही. सुगी संपली, कामं नाहीत, तेव्हा कडबा, मीठ आणि चरणं पुरतं. पण मृगाच्या आधी महिनाभर खुराक चालू करतो. हुलगं रात्री भिजवून सकाळी, वर थोडी शेंगपेंड (भुईमुगाची). कुळव धरायच्या दिवशी खुराक चालू करणाऱ्यांची बैलं तिसऱ्या तासाला जीभ काढतात. अंगावर यायला वेळ लागतो, तो द्यायलाच पाहिजे.

एक सावधगिरी सगळ्यांना. वळवाचा पाऊस झाला की सुकलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. त्यात जनावरं सोडू नका. त्यात विष असतं, जनावर घटकाभरात जातं.

जांबोटी_पट्टा

ताई, दादा, खूप आभार. काल आणि आज सगळं बघितलं.

एचएफ: घेर 68, लांबी 58. हिशेबानं 406 किलो आली. शेण तुम्ही म्हणालात तसंच, थरावर थर. चाळणीत धुतलं तर काड्या राहिल्या, आप्पांनाही दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, पण चाळणी हातात घेऊन बराच वेळ बघत होते. माज अजून दिसलेला नाही, त्यामुळं भरवलेली नाही.

जर्सी: घेर 62, लांबी 54, म्हणजे 315 किलोच्या आसपास. कमरेची आडवी हाडं हात ठेवल्या ठेवल्या लागतात. शेपटीच्या बुडाशी खड्डा आहे. मला वाटायचं गाभण आहे, पोट मोठं आहे म्हणजे तब्येत चांगलीच असणार.

रेडी: हाडं फार टोचत नाहीत, पण गेल्या काही महिन्यांत वाढलीय असं वाटत नाही. भिंत चाटत असते, परवा गोणपाटाचा तुकडा चघळत होती.

घरात तांदळाच्या कण्या आणि कोंडा आहे, मकाही थोडा आहे. पेंड घ्यायच्या ऐवजी हे चालेल का?

बेळगुंदी_दूधवाली

भाऊ, नीट बघितलंत. आता एकेक घेऊ.

आधी कण्या आणि मक्याचं. सगळ्या घरांत हेच होतं, घरात आहे ते आधी घालायचं. पण पिंजरावरच्या जनावराला नुसतं पीठ घातलं तर उलटं होतं. पिठूळ पदार्थ कोठीपोटात जाऊन आंबतात, गवत फोडणारे जिवाणू मागं पडतात आणि पिंजर आणखी कमी पचतं. पहिली उणीव प्रथिनांची आहे, ती आधी भरा. थोडी पेंड पोटात गेली की गाय तेच पिंजर जास्त खायला लागते आणि जास्त पचवते. कण्या, मका त्यानंतर, आणि मर्यादेत.

एचएफचा हिशेब असा. 400 किलोच्या गाईला नुसता जीव राखायला दिवसाला साधारण 350 ग्रॅम प्रथिनं लागतात. दुधाला लिटरमागं 90 ग्रॅम धरा, 8 लिटरचे 720. दोन्ही मिळून 1 किलो 70 ग्रॅम. ती आत्ता पिंजर आणि गवत मिळून 8 किलो खाते असं धरलं तर 4 टक्क्यांनी 320 ग्रॅम मिळतात. तूट 750 ग्रॅमची. ही तूट इतके दिवस ती स्वतःच्या अंगातून भरतेय, म्हणूनच माजावर येत नाही.

20 टक्के प्रथिनांची गोळी पेंड (पोत्यात मिळणारं तयार गोळ्यांचं खाद्य) घेतली तर पावणेचार किलो लागेल. पोत्यावर टक्के छापलेले असतात, ते वाचूनच घ्या, नुसत्या दरावर जाऊ नका. शेंगपेंडीत 40 टक्क्यांवर प्रथिनं असतात, म्हणून मी असं मांडीन: शेंगपेंड 1 किलो, गोळी पेंड पावणेदोन किलो आणि तुमचा घरचा मका भरडून 1 किलो. कण्या घालायच्या तर मक्याच्या जागी. दोन वेळा विभागून, धारेच्या वेळी, आणि आधी थोडी वैरण पोटात गेल्यावर. वर खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. एकदम सगळं सुरू करायचं नाही. अर्ध्या किलोपासून सुरू करून दहा-बारा दिवसांत पूर्ण मापावर या, नाहीतर पोट बिघडेल आणि मग आप्पा म्हणतील, बघ, पेंडीनं गाय आजारी पडली.

शेंगपेंड घेताना एक बघा. ढेप फोडून नाकाला लावा. कुबट वास आला, आत हिरवट-काळी बुरशी दिसली तर परत द्या. ते बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या वाटीत जातं. तुमच्याकडच्या ओल्या हवेत पोतं कधीही जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर ठेवा.

खरी घाई जर्सीची आहे. ती दूध देत नाही म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही, आणि तीच तिघींत सगळ्यात खाली गेलीय. वासराची जास्तीत जास्त वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. त्यात ती पिंजरावर. आप्पा शिमग्यानंतर म्हणतात, पण ही तर शिमग्याआधीच विणार आहे. त्या वेळी घातलेली पेंड दुधात जाईल, पण रोडावून व्यालेली गाय वर यायला अर्धं वेत जातं. आजपासून 1 किलो गोळी पेंड सुरू करा, दोन आठवड्यांत 2 किलोवर न्या आणि व्यायपर्यंत ठेवा. डोंगराला लांब पाठवू नका, जवळच फिरवा. खनिज मिश्रण आत्ता द्या, पण व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या आणि चुना बंद. त्या दिवसांत बाहेरून जास्त चुना मिळाला तर शरीर हाडातला चुना काढायचं विसरतं आणि व्याल्यावर गाय थंड पडून बसते.

रेडी भिंत चाटते, गोणपाट चघळते, ही खनिजांची भूक आहे, त्यातही स्फुरदाची (फॉस्फरसची) जास्त. डोंगरात हाडं चघळणारी जनावरं दिसतात ती याच कारणानं. आधी जंताचं औषध द्या, डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणं. मग खनिज मिश्रण आणि रोज 1 किलो गोळी पेंड. रेडी वयानं माजावर येत नाही, वजनानं येते. आत्ता तिचा खुराक वाचवला तर ती वर्ष-दीड वर्ष उशिरा विणार, आणि तेवढे दिवस तिला सांभाळावंच लागणार.

बिडी_खिल्लार

ताई, एवढी पेंड विकत आणण्यापेक्षा पिंजरालाच युरियाची प्रक्रिया केली तर? आमच्या पाहुण्यांकडं करतात.

बेळगुंदी_दूधवाली

होय दादा, आणि खानापूरकडं पिंजर इतकं असतं की ते करायलाच पाहिजे. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया, 65 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर घालायचा, झारीनं शिंपडायचं, तुडवायचं, परत थर. वरून ताडपत्रीनं हवा न जाईल असं बंद करून 21 दिवस ठेवायचं. उघडल्यावर पिंजर तपकिरी, मऊ झालेलं असतं आणि डोळ्यात पाणी आणणारा वास येतो. घालायच्या आधी तासभर पसरून ठेवा, वास उडू दे. प्रथिनं दुपटीच्या आसपास जातात, म्हणजे त्या 7 टक्क्यांच्या रेषेला पोचतात. एचएफची पेंड त्यानं बंद होणार नाही, पण बरीच कमी होईल. रेडीला आणि रिकाम्या बैलांना तर त्यावरच पुष्कळ भागतं.

पण युरिया पाण्याच्या टबात किंवा आंबोणात कधीच मिसळायचा नाही. त्यानं जनावर मरतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला प्रक्रियेचं पिंजर घालायचं नाही. उपाशी जनावराला पहिल्यांदाच भरपूर घालायचं नाही, साध्या पिंजरात मिसळून आठवड्याभरात वाढवायचं. युरियाचं पोतं गोठ्यापासून लांब, बंद खोलीत.

आणि भाऊ, पुढच्या वर्षासाठी दोन गुंठे तरी गवत लावा. धारवाडला चारा संशोधनाचं केंद्र आहे, त्यांची डीएचएन-6 ही नेपियरची जात आपल्याकडं चांगली येते. विहिरीच्या पाटाच्या कडेला लावली तरी उन्हाळ्यात एका गाईला हिरवं मिळतं. कुंपणाला शेवरी आणि गिरिपुष्प. त्यांचा पाला प्रथिनांनी भरलेला असतो आणि त्याला बाजारभाव मोजावा लागत नाही.

जांबोटी_पट्टा

उद्याच खानापूरला जाऊन पेंड आणि खनिज मिश्रण आणतो. जर्सीचं आजच सुरू केलं, शेजारून किलोभर उसनी आणून. आप्पा म्हणाले, गाभणीला घाल, दूधवालीचं नंतर बघू. निदान एवढं तरी झालं.

शेवटचं एक. पेंड कमी कधी करायची? जूनमधे डोंगर हिरवा झाला की लगेच?

बेळगुंदी_दूधवाली

आप्पांनी गाभणीपासून सुरुवात केली ते योग्यच केलं. एचएफचं शेण पुढच्या पंधरा दिवसांत परत चाळणीत धुऊन त्यांनाच दाखवा. काड्या बारीक झालेल्या दिसल्या की पुढचं ते स्वतःच सांगतील.

जूनमधे लगेच नको. पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे पाचात चार भाग पाणी. प्रथिनं भरपूर, पण गाईच्या पोटात कोरडा भाग किती गेला ते मोजलं तर कमीच. शेण पाण्यासारखं होतं, दुधाची फॅट उतरते. तुमच्याकडं जुलैत दिवस-दिवस झड लागते, गाई चरायच्या ऐवजी झाडाखाली उभ्या राहतात, तेही धरा. त्या महिन्यांत उणीव बदलते. तेव्हा शेंगपेंड बंद करायची, मका आणि कण्या चालतात, आणि सकाळी सोडायच्या आधी प्रत्येकीला दोन-तीन किलो वाळकं पिंजर घालायचंच. शेण परत घट्ट व्हायला लागलं आणि गवत गुडघ्याला आलं की गोळी पेंड अर्धा-अर्धा किलोनं कमी करत जा, दूध बघत. 8 लिटरच्या आतल्या गाईला ऑगस्टमधे चांगल्या गवतावर अगदी थोड्या पेंडीत भागतं.

त्यासाठी आत्ताच एक गंजी बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. खाली लाकडं घालून जमिनीपासून वीतभर उचला, शेंडा निमुळता ठेवा आणि मेमधे वळीव पडायच्या आत वरून शाकारून घ्या.